बादली ठेवा, माहितीपत्रक बदला: घरी बिअर बनवण्याच्या पहिल्या किटचं परीक्षण

घरी बिअर बनवायला सुरुवात करणारे बहुतेक जण एकाच प्रकारचं खोकं मागवतात. त्यात झाकणाची मोठी बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा रोखणारी छोटी झडप), हायड्रोमीटर, बाटल्यांना बुचं लावायचा कॅपर आणि हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) घातलेल्या माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) अर्काचा १.७ किलोचा कॅन असतो. कॅनच्या टोपीखाली यीस्टची पुडी, आणि सोबत घडी घातलेला एक कागद. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी आतला माल इतका सारखा असतो की हे परीक्षण एखाद्या ब्रँडचं न करता या प्रकारच्या किटचंच केलेलं बरं.

निकाल आधीच सांगून टाकू. किट घेण्याजोगं आहे आणि त्यातली हत्यारं खूप बॅचेस कामाला येतात. पण पहिल्या बॅचची चव घालवणाऱ्या तीन गोष्टीही त्याच खोक्यातून येतात: किलोभर साखर घालण्याचा सल्ला, अपुरं यीस्ट, आणि तापमान व दिवस यांबद्दल दिशाभूल करणारा तो कागद. तिन्ही बदलता येतात. त्या बदलल्या तर पहिल्याच बॅचला मनापासून प्यावी अशी बिअर तयार होते. न बदलता पहिली बॅच केली आणि "घरची बिअर अशीच लागते" असं समजून बादली माळ्यावर टाकली, असं फार जणांचं होतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

घरी बिअर आंबवायला सगळीकडे कायद्याची मोकळीक नाही. मागवण्याआधी आपल्याकडचा नियम बघून घ्या.

बादलीपासून सुरुवात करू

बादली फूड ग्रेड प्लॅस्टिकची असते, आणि नवशिक्यासाठी हेच उत्तम भांडं आहे. काही महागड्या किटमध्ये काचेचा कारबॉय, म्हणजे अरुंद तोंडाची मोठी बाटली, देतात. तो दिसायला देखणा, पण भरल्यावर तीस किलोच्या आसपास जातो, ओल्या हातातून निसटतो, गरम पाणी ओतलं तर तडकतो आणि त्याच्या अरुंद तोंडातून आतली कड घासता येत नाही. पहिल्या किटसाठी काच नकोच.

बादलीचा आकार मात्र खोक्यावर नीट वाचा. २३ लिटर बिअरसाठी २८ ते ३० लिटरची बादली हवी. काही किटमध्ये २५ लिटरची देतात. आंबवण जोरात आली की फेसाचा जाड थर झाकणापर्यंत चढतो, एअरलॉक हॉप्सच्या चिकट गाळाने तुंबतो आणि दाब वाढून झाकण उडू शकतं. बादली लहान असेल तर पहिले तीन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावावी आणि तिचं दुसरं टोक निर्जंतुक द्रावणाच्या भांड्यात बुडवून ठेवावं.

आतल्या बाजूला तारेची घासणी कधीही लावू नका. प्लॅस्टिकवर ओरखडा पडला की त्यात जिवाणू दडतात आणि निर्जंतुक द्रावण तिथवर पोहोचत नाही. मऊ फडकं किंवा स्पंज पुरे. ओरखडे पडलेली बादली पाणी साठवायला वापरा, बिअरला नको.

खालच्या नळाबद्दल माहितीपत्रक बहुधा गप्प असतं. हा नळ दोन भागांचा असतो आणि त्या दोन भागांमध्ये मागच्या बॅचचा गाळ अडकतो. सलग दोन बॅचेस आंबट झाल्या तर संशयित नंबर एक हाच. प्रत्येक बॅचनंतर नळ काढायचा, गरम पाण्यात ठेवून त्याचे भाग सुटे करायचे, धुवायचे. परत बसवल्यावर आधी साधं पाणी भरून तासभर गळतो का ते पाहायचं. २० लिटर वर्ट भरल्यावर गळती सापडली तर काही करता येत नाही. (वर्ट म्हणजे यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं गोड पाणी. पुढे हा शब्द सारखा येईल.)

एअरलॉकवर एकच सूचना: बुडबुड्यांवरून निष्कर्ष काढू नका. बादलीचं झाकण काठावरून थोडंफार गळतंच. वायू तिथून निघून गेला तर एअरलॉक शांत राहतो, आणि आत यीस्ट जोमात असतं. उलट आंबवण संपल्यावरही खोलीचं तापमान वाढलं की विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुडे येत राहतात. एअरलॉकमध्ये साध्या पाण्याऐवजी निर्जंतुक द्रावण भरा, अर्ध्यापर्यंतच. भरलेली बादली उचलताना किंवा झाकण दाबताना एअरलॉक काढून ठेवा, नाहीतर आतलं पाणी बिअरमध्ये ओढलं जातं.

हायड्रोमीटर हे या खोक्यातलं सर्वांत मोलाचं उपकरण आहे आणि सर्वांत आधी फुटणारंही. काचेची ही नळी द्रवात किती बुडते त्यावरून घनता कळते. पाण्याची १.००० धरली तर यीस्ट घालण्याआधीचा वर्ट साधारण १.०४० ते १.०५० दाखवतो. साखर खाल्ली गेली, अल्कोहोल झालं, की आकडा उतरतो. दोन्ही आकड्यांमधला फरक १३१.२५ ने गुणला की अल्कोहोलची टक्केवारी मिळते: १.०४४ वरून १.०११ वर आली तर ४.३ टक्के.

नवीन हायड्रोमीटर आल्यावर तो त्याच्या आखणीच्या तापमानाच्या शुद्ध पाण्यात १.००० दाखवतो का ते पाहा. आतली कागदी पट्टी सरकलेली असते आणि २-३ पॉइंटची (१ पॉइंट म्हणजे ०.००१) चूक सर्रास निघते. चूक असली तरी उपकरण बाद होत नाही, तेवढा फरक प्रत्येक वेळी धरायचा. त्यावर कोणत्या तापमानासाठी आखणी केली आहे तेही लिहिलेलं असतं, १५.६ किंवा २० अंश सेल्सिअस. २० अंशांच्या हायड्रोमीटरने ३० अंशांचा वर्ट मोजला तर आकडा २-३ पॉइंट कमी दिसतो. नळीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात, म्हणून टाकल्यावर बोटांनी एकदा गरकन फिरवायची.

बाकी वस्तू भराभर. बादलीला चिकटवायची थर्मामीटरची पट्टी कामाची आहे. वर्टच्या निम्म्या उंचीवर, बाहेरून लावा. बाटल्या भरायची झडपेची दांडी छान: तळाला टेकवली की बिअर येते, उचलली की थांबते, आणि काठोकाठ भरून दांडी काढली की वर लागते तेवढी जागा आपोआप राहते. दोन दांड्यांचा कॅपर ठीक आहे, पण तो बाटलीच्या मानेवरच्या कड्याला पकडतो. ज्या बाटल्यांचं कडं अरुंद त्यांच्यावर तो घसरतो किंवा मान फोडतो, तेव्हा आधी रिकाम्या बाटलीवर करून पाहा. सायफन साध्या नळीचा असेल तर तोंडाने ओढू नका. तोंडातले जिवाणू थेट बिअरमध्ये जातात. पंपाचा सायफन वेगळा घ्यावा.

स्वच्छतेची पुडी

खोक्यातल्या पावडरीवर नक्की काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याचदा ते सोडियम परकार्बोनेट असतं, म्हणजे साफ करणारं द्रव्य. साफ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत आणि त्याच क्रमाने करायची. मळ राहिला असेल तर त्याखालचे जंतू कुठलंच द्रावण मारत नाही.

निर्जंतुक करायला आम्लाधारित, न धुता चालणारं द्रावण घ्या. स्टार सॅन हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. प्रमाण लिटरला १.६ मिलिलिटर, म्हणजे ५ लिटरला ८ मिलिलिटर. एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की काम झालं. फेस राहतो तो राहू द्या. तो धुवायला गेलात तर नळाच्या पाण्यातले जंतू परत आत जातात. जड पाण्यात द्रावण लवकर गढूळ होतं आणि त्याचा पीएच ३ च्या वर गेला की जोर संपतो. म्हणून साठवायचं असेल तर शुद्ध पाण्यात करा. कपड्यांचं ब्लीच मात्र या कामाला नकोच. क्लोरीनचा अंश माल्टमधल्या फेनॉलशी जुळला की बिअरला औषधासारखा, प्लॅस्टिकसारखा वास येतो आणि तो कितीही थांबलात तरी जात नाही.

हाच वास नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळेही येतो. २० लिटर पाण्यात कॅम्पडेनची (सल्फाइटची) पाव गोळी चुरून टाकली की काही मिनिटांत क्लोरीन आणि क्लोरामिन दोन्ही जातात. क्लोरामिन नुसतं उकळून सहज जात नाही. पाव गोळीचा एवढासा खर्च, पण कोणत्याही किटमधली बिअर यापेक्षा जास्त कशाने सुधारत असेल असं वाटत नाही.

कॅन, आणि त्यासोबतची किलोभर साखर

कॅनमध्ये माल्टचा दाट अर्क असतो, मधासारखा, आणि हॉप्सचा कडवटपणा त्यात आधीच घातलेला असतो. तो पुन्हा उकळायची गरज नाही. उकळलात तर हॉप्सचा उरलासुरला सुगंधही उडतो. कॅन घेताना तारीख पाहा. दाट अर्क जुना होत जातो तसा गडद होतो आणि त्याला एक शिळी, धातूसारखी गोडी येते. "किटची चव" म्हणून जी बदनाम आहे तिचा मोठा वाटा जुन्या कॅनचा असतो.

आता हिशेब. १.७ किलोचा कॅन २३ लिटर पाण्यात जेमतेम २२ पॉइंट देतो, म्हणजे १.०२२. एवढ्यात नीट बिअर होत नाही, म्हणून कागद सांगतो की १ किलो साखर घाला. साखरेचे १७ पॉइंट मिळून १.०३९ होतं आणि अल्कोहोल चार टक्क्यांच्या वर जातं. कागदावर गणित जुळलं. पण साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं आणि मागे अल्कोहोलशिवाय काही उरत नाही. ना अंग (तोंडात जाणवणारा दाटपणा), ना टिकणारा फेस, ना माल्टची चव. शेवटचा आकडा १.००५-१.००७ पर्यंत उतरतो आणि बिअर पाणचट लागते.

उपाय सोपा आहे. साखरेऐवजी १ किलो कोरडा माल्ट अर्क घ्या आणि पाणी २३ ऐवजी २० लिटरवर थांबवा. सुरुवात १.०४४ च्या आसपास, शेवट १.०१० ते १.०१२, आणि तीन लिटर कमी मिळाल्याचं दुःख पहिल्या घोटात संपतं. दोन कॅन घालायचा सल्लाही ऐकायला मिळतो. त्याने अंग छान येतं, पण कडवटपणाही दुप्पट होतो, तेव्हा तो फक्त सौम्य प्रकारच्या कॅनसोबतच करावा.

यीस्ट

टोपीखालची पुडी ५ ते ७ ग्रॅमची असते. एल (खोलीच्या तापमानाजवळ आंबणारी बिअर) प्रकारच्या कोरड्या यीस्टचं सर्वसाधारण प्रमाण लिटरला ०.५ ते ०.८ ग्रॅम आहे. २० लिटरला १० ग्रॅम तरी हवं. वर ही पुडी कॅनसोबत गोदामात आणि दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने उकाड्यात राहिलेली असते. कमी आणि थकलेल्या यीस्टला आधी आपली संख्या वाढवावी लागते, तोवर वर्ट उघडाच पडल्यासारखा असतो, आणि ओढाताणीत यीस्ट नको ते वास सोडतं.

वेगळं यीस्ट घ्या. सॅफेल यूएस-०५ ची ११.५ ग्रॅमची पुडी एका बॅचला बरोबर पुरते. चव स्वच्छ, आंबवण भरवशाची, वागणूक शांत. आणखी एक खुलासा: कॅनवर "लागर" लिहिलेलं असलं तरी टोपीखालचं यीस्ट बऱ्याचदा एलचंच असतं. हे वाईट नाही, कारण खरी लागर १० ते १३ अंशांवर आंबवून मग थंडीत काही आठवडे मुरवावी लागते आणि पहिल्या किटमध्ये त्याची सोय नसते. पण लागरच्या अपेक्षेने खोकं घेऊ नका.

खोली सतत तीस अंशांच्या वर असेल आणि थंडाव्याची काहीच सोय नसेल, तर क्वाइक यीस्ट घ्यावं. नॉर्वेच्या शेतघरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हे यीस्ट. त्यातलं व्हॉस प्रकारचं यीस्ट ३५ ते ४० अंशांवर खुशाल काम करतं आणि संत्र्यासारखा हलका गंध देतं. इतर यीस्ट ज्या तापमानात बिघडतात तिथे हे खुलतं.

तो कागद

"२१ ते २७ अंशांत ठेवा, सात दिवसांनी बाटल्या भरा." या धर्तीच्या सूचना जवळजवळ प्रत्येक कागदावर असतात. आंबवण स्वतः उष्णता निर्माण करते. जोरात चालू असताना बादलीतला द्रव खोलीपेक्षा ३ ते ५ अंश गरम असतो. खोली २६ ला म्हणजे यीस्ट ३० ला. एलचं यीस्ट तिथे जड अल्कोहोलं तयार करतं, जी सॉल्व्हंटसारखी झोंबतात. शिवाय केळ्यासारखा गंध येतो, जो गव्हाच्या बिअरमध्ये शोभतो, बाकी कुठे नाही.

लक्ष्य ठेवा १८ ते २० अंश, आणि तेही बादलीवरच्या पट्टीवर, खोलीत नव्हे. मोठ्या टबात पाणी भरून त्यात बादली ठेवा, पाण्यात बर्फाच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, बादलीभोवती ओलं फडकं गुंडाळा. पंखा असेल तर लावा. टबातल्या पाण्याचा साठा मोठा असल्याने तापमान दिवसभर फारसं हलत नाही. खरी राखण पहिल्या ७२ तासांची. चवीचं बरंवाईट जवळपास तेव्हाच ठरतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २१-२२ पर्यंत चढू दिलं तर उलट चांगलंच. यीस्ट लोण्यासारखा वास देणारं डायअसेटिल परत शोषून घेतं.

दिवसांचं म्हणाल तर किमान चौदा. सातव्या दिवशी आकडा कधीकधी शेवटाला पोहोचलेला असतो, पण यीस्टची आवराआवर बाकी असते. लवकर काढलेल्या बिअरला हिरव्या सफरचंदाचा वास येतो तो त्यामुळे.

बनवण्याचा दिवस

आदल्या रात्री १० ते ११ लिटर पिण्याचं पाणी झाकलेल्या स्वच्छ बाटल्यांत फ्रिजमध्ये ठेवा. या एका तयारीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. नळाचं पाणी २५ अंशांचं असेल आणि अर्क ३ लिटर उकळत्या पाण्यात विरघळवून बादली भरली, तर मिश्रण ३५ अंशांवर जाऊन बसतं. मग तासन्‌तास ते थंड होण्याची वाट बघायची किंवा गरमच वर्टमध्ये यीस्ट टाकायचं, आणि लोक दुसरं करतात.

त्याऐवजी २ लिटर थंड पाण्यात कोरडा अर्क आधी नीट कालवा. वाफाळत्या पाण्यावर ओतला तर त्याचे चिकट गोळे होतात आणि चमच्याला सिमेंट लागतं. मग भांडं आचेवर ठेवा. उकळी फुटताना फेस झपाट्याने चढतो, तेव्हा पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलं नको आणि नजर हटवायची नाही. पाच मिनिटं उकळू द्या, आच बंद करा, आणि त्यानंतरच कॅन ओता. आच चालू असताना दाट अर्क थेट तळाला बसतो आणि करपतो. कॅन आधी पंधरा मिनिटं गरम पाण्यात उभा ठेवला तर शेवटचा थेंबही सहज निघतो.

बादलीत आधी काही लिटर थंड पाणी, मग हा गरम अर्क, मग उरलेलं फ्रिजचं पाणी, आणि शेवटी नळाचं पाणी २० लिटरच्या खुणेपर्यंत. मिश्रण २१-२२ अंशांवर येतं. पाणी उंचावरून, धबाधब ओता. यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो, आणि हवा मिसळण्याची हीच एक वेळ. नंतर शिंतोडासुद्धा उडवायचा नाही.

मिनिटभर जोरात ढवळून मगच हायड्रोमीटरचा नमुना घ्या. अर्क जड असल्याने तळाला राहतो. नळातून लगेच घेतलेला नमुना १.०६० दाखवतो आणि गोंधळ उडतो. अर्काचं वजन आणि पाण्याचं माप बरोबर असेल तर सुरुवातीचा आकडा १.०४४ धरून चाला. नमुना परत बादलीत ओतू नका, चाखून बघा. गोड, कडवट, थोडा चिकट लागला पाहिजे.

यीस्ट वरून सगळीकडे भुरभुरवा, झाकण लावा. १२ ते २४ तासांत फेस दिसायला हवा, कधी ३६ लागतात. तपकिरी फेस, त्यावर हिरवट गाळ, अंड्यासारखा किंचित वास: सगळं नेहमीचं आहे. घाबरून झाकण उघडत बसू नका. संसर्ग झाला असेल तर फेस खाली बसल्यावर पृष्ठभागावर पांढरी, सुरकुतलेली, कोरडी साय दिसते. हलके तरंगणारे यीस्टचे ठिपके म्हणजे संसर्ग नव्हे.

एक भीती इथेच दूर करावी. मिथेनॉलची विषबाधा घरच्या बिअरमधून होत नाही. माल्ट आंबून होणारं मिथेनॉल नगण्य असतं, आणि बिअर बनवताना ऊर्ध्वपातन केलं जात नाही. बिघडलेली बिअर बेचव होते. अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स यांच्यामुळे आजार पसरवणारे जंतू तिच्यात सहसा टिकत नाहीत.

बाटल्या भरताना

घाई करू नये अशी जागा हीच. चौदाव्या दिवसापासून आकडा घ्या, तीन दिवसांनी परत घ्या. दोन्ही सारखे आणि १.०१२ च्या आसपास असतील तरच पुढे जा. १ पॉइंट साखर शिल्लक राहिली तर बाटलीत वायूचं सुमारे अर्धं आकारमान (बिअरच्या आकारमानाच्या मानाने) वाढतं. म्हणजे ४ पॉइंट आधी बाटली भरली तर नेहमीच्या २.४ ऐवजी ४.४ आकारमानं वायू कोंडला जातो. साधी बिअरची बाटली त्यासाठी बनवलेली नाही. ती फुटते आणि काचा खोलीभर उडतात. म्हणून पहिल्या बॅचच्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात.

फेसासाठी साखर लिटरला ६ ग्रॅम. १९ लिटर बिअर बाटल्यांत जाणार असेल तर ११५ ग्रॅम, डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) असेल तर १२५ ते १३०. वजन काट्यावरच करा, चमच्याने नाही. प्रत्येक बाटलीत वेगळी साखर टाकली की एक बाटली सपाट आणि दुसरी उफाळणारी निघते. योग्य पद्धत अशी: साखर २५० मिलिलिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून थंड करा, निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या बादलीच्या तळाला ओता, त्यावर बिअर सायफनने, नळी तळाला टेकवून, आवाज न करता उतरवा. शेवटी चमच्याने हळूच एक फेरा. शिंतोडे उडाले तर प्राणवायू मिसळतो आणि महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

दुसरी बादली बहुतेक किटमध्ये नसते. ही या किटची खरी त्रुटी आहे. ती जोडीला घ्यावीच. न घेता ३ ग्रॅमच्या साखरगोळ्या वापरायच्या असतील तर ५०० मिलिलिटरच्या बाटल्या निवडा, कारण एका गोळीचं प्रमाण तिथेच बरोबर बसतं. ३३० च्या बाटलीला तीच गोळी जास्त होते.

बाटल्या तपकिरी हव्यात. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड गेला की हॉप्सच्या कडवट द्रव्यापासून उग्र, कुजकट वास तयार होतो, उन्हात तर काही मिनिटांत. फिरवून उघडायच्या बाटल्यांवर कॅपरचं बुच नीट बसत नाही, त्या वगळा. १९ लिटरला ५०० च्या ३८ बाटल्या लागतात. त्यातली एक प्लॅस्टिकची भरा: ती दाबून बघितली की आत किती वायू झाला हे न उघडता कळतं. दगडासारखी घट्ट झाली की बाकीच्याही तयार. २० अंशांच्या आसपास दोन आठवडे लागतात, थंड खोलीत तीन.

नंतर दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, म्हणजे वायू बिअरमध्ये मुरतो आणि यीस्ट तळाला घट्ट बसतं. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

चार-पाच लिटरच्या छोट्या किटबद्दल

हल्ली ही फार दिसतात: छोटी काचेची बरणी, दळलेलं माल्ट, हॉप्सच्या पुड्या. कॅन नाही, सगळं धान्यापासून. जागा कमी लागते हे खरं, पण नवशिक्याला ही सोपी वाटतात तेवढी नाहीत. धान्य ६६ अंशांच्या जवळ तासभर ठेवावं लागतं, आणि एवढं थोडं धान्य पाण्यात टाकलं की तापमान झरझर उतरतं. २० लिटरला जेवढे तास जातात जवळपास तेवढेच इथेही, आणि हाती येतात दहा-बारा छोट्या बाटल्या. हायड्रोमीटरचा एक नमुना म्हणजे त्यातली पाव ते अर्धी बाटली. स्वयंपाकघर अगदीच लहान असेल किंवा प्रयोग म्हणून वेगवेगळ्या पाककृती करून पाहायच्या असतील तर घ्या. पहिलं किट म्हणून मोठी बादलीच बरी.

दुसऱ्या बॅचला कॅन सोडून हॉप्स न घातलेला अर्क घ्या, आणि २५० ते ३०० ग्रॅम भरडलेलं क्रिस्टल माल्ट (भाजून गोडसर केलेलं माल्ट) कापडी पिशवीत बांधून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. ७७ च्या वर नेऊ नका, टरफलांतून तुरटपणा उतरतो. मग अर्क आणि हॉप्स घालून तासभर उकळा: कडवटपणाचे हॉप्स सुरुवातीला, सुगंधाचे शेवटच्या पाच मिनिटांत. बादली तीच, यीस्ट तेच, पण कॅनच्या बिअरपासून ही चव खूप पुढे जाते. हॉप्स हवाबंद, चांदीच्या रंगाच्या पाकिटातले घ्या आणि उघडल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा.

बाटल्या भरून झाल्या की बादली त्याच संध्याकाळी धुवा. फेसाची कड एकदा वाळली की ती निघताना ओरखडे पडतात. परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात रात्रभर काठोकाठ भरून ठेवली तर फडक्याच्या एका हाताने कड सुटते. झाकणाची रबरी कडी काढून वेगळी वाळवा, नळ सुटा ठेवा, आणि झाकण न लावता बादली पूर्ण कोरडी होऊ द्या.